भातकापणीच्या दिवसांत सायकलवर : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

पाऊस ओसरायला लागला की या सदराकडे पत्रं वाढतात आणि यंदा जवळजवळ सगळ्यांनी एकच विषय धरलाय, मित्रमैत्रिणींना घेऊन एक दिवस मुंबईबाहेर गावाकडच्या रस्त्यांवर सायकल चालवायची आहे, तर कुठे जायचं, कधी निघायचं, काय काळजी घ्यायची. सारखे प्रश्न मी एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, पण त्या गोष्टी अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मुलुंडच्या एकाच सोसायटीतले आठ जण आहोत, वय २६ ते ४५. रोज सकाळी ठाण्यापर्यंत जाऊन येतो, रविवारी कधी येऊर, कधी आरे. आता सगळ्यांना एकदा तरी हिरव्या-पिवळ्या शेतांमधून चालवायची आहे. पण ऑक्टोबरचं ऊन बघून अर्धे जण आत्ताच नको म्हणतायत. कुठला रस्ता आणि कुठली वेळ बरी?

उत्तर : आत्ताच जा. डिसेंबरपर्यंत थांबलात तर थंडी मिळेल पण शेतं रिकामी झालेली असतील, आणि तुम्हाला तर शेतंच बघायची आहेत ना.

आधी उन्हाचं बोलू. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर ढग जातात, ऊन थेट पडतं, जमिनीत अजून ओल असते त्यामुळे दमट वाफ उठते, वारा पूर्वेकडून म्हणजे जमिनीवरून येतो आणि समुद्राचं गार वारं यायला दुपार होते, म्हणून अकरा-बाराला जीव नकोसा होतो. पण पहाटे तसं नसतं. या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास तुमचे. दहाला सायकल सावलीत लागलेली पाहिजे हे आधीच ठरवून टाका, मग किती किलोमीटर हा प्रश्न आपोआप सुटतो. लोक उलटं करतात, आधी ऐंशी किलोमीटर ठरवतात आणि मग ऊन त्यांना गाठतं.

रस्ता म्हणाल तर तुमच्यासाठी माझं उत्तर कर्जत-कशेळे. कर्जत मध्य रेल्वेवर सीएसएमटीपासून बरोबर १०० किलोमीटर, म्हणजे शहराची सगळी गर्दी तुम्ही गाडीत बसून मागे टाकता. तिथून मुरबाडकडे जाणारा रस्ता धरायचा. कशेळ्यापर्यंत जाऊन परत आलात तर साधारण तीसेक किलोमीटर होतात, पहिल्या वेळेला तेवढं भरपूर आहे. ज्यांना दम आहे त्यांनी पुढे म्हसा करत मुरबाडपर्यंत जावं, कर्जतपासून एका बाजूचं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. जाताना उजव्या हाताला पूर्ण वेळ सह्याद्रीची भिंत असते, कोथळीगड दिसतो, पुढे भीमाशंकरचे डोंगर, म्हशाच्या बाजूला गेलात तर सिद्धगड आणि गोरखगड. सिद्धगडाकडे बघाल तेव्हा एवढं आठवा की भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला तिथेच इंग्रजांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. हा भाग नुसता फोटोपुरता नाहीये.

आणि शेतं! कोकणात भात हळवं, निमगरवं, गरवं अशा तीन प्रकारचं लावतात. हळवं लवकर तयार होतं, ते ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पिवळं पडून कापायला येतं, निमगरवं महिनाअखेरीला, गरवं नोव्हेंबरात. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर एकाच रस्त्यावर एक शेत कापून मोकळं, शेजारचं सोन्यासारखं पिवळं आणि खालच्या खाचरातलं अजून हिरवं असं तिन्ही दिसतं. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भाताचं संशोधन केंद्र आहे, ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ ही वाणं तिथलीच, तुम्ही ज्या शेतांच्या बाजूने जाताय त्यातलं बियाणं कदाचित तिथूनच निघालेलं असेल. कशेळ्याच्या बाजूला पेज नदी लागते, तिला उन्हाळ्यातही पाणी असतं कारण वर घाटातल्या धरणाचं पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरातून खाली उतरतं आणि नदीत येतं. बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, विजेच्या तारेवर वेडे राघू ओळीने, नशीब असेल तर एखादा नीलपंख. नुकत्याच कापलेल्या भाताचा वास येतो तो मला तरी कुठल्याही अत्तरापेक्षा जास्त आवडतो, त्यासाठी मास्क-बिस्क काढून चालवा.

सायकली न्यायच्या कशा. दोन मार्ग. लोकलच्या लगेजच्या डब्यातून, सामानाचं तिकीट काढून, रविवारी पहाटेच्या गाडीने. आठ सायकली एका डब्यात कोंबू नका, दोन डब्यांत वाटून घ्या, आणि त्या डब्यावर पहिला हक्क भाजीवाल्या, मासेवाल्या मावश्यांचा असतो, त्यांच्या पाट्या आधी चढू द्या. नाहीतर सरळ एक छोटा हत्ती ठरवा, सायकली दोरीने नीट बांधा, मध्ये जुन्या चादरी घाला म्हणजे रंग खरवडत नाही. आठ जणांत वाटून खर्च अंगावर येत नाही आणि परतीला कोणी थकलं तर टेम्पो हाताशी असतो. मुरबाडपर्यंत जाणार असाल तर टेम्पोच करा, कारण मुरबाड-कल्याण रस्त्यावर दुपारची वाहतूक जड असते आणि थकलेल्या अवस्थेत त्यात शिरणं मला पटत नाही.

अजून एक. फोनमधला मॅप गाडीवर ठेवून निघू नका, तो एक्सप्रेस वे नाहीतर अटल सेतू दाखवेल आणि दोन्हीकडे सायकलला बंदी आहे. घरून चालवत निघायचा हट्ट कोणी करत असेल तर त्याला हे सांगा.

पाणी माणशी दोन बाटल्या, त्यातल्या एकीत साखर-मीठ. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. खायला केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर. वडापाव जरूर खा पण सायकल चालवून झाल्यावर.

प्रश्न : ताई, माझं वय ४३, राहायला दहिसरला. नवऱ्याच्या मित्रांचा ग्रुप आहे, त्यात आता आम्ही तिघी बायकाही जातो. मागच्या वेळी उत्तनला गेलो तेव्हा सगळे पुढे निघून गेले, मी आणि एक मैत्रीण मागे राहिलो, ते पुढे चहा पिऊन आमची वाट बघत होते आणि आम्ही पोचल्या पोचल्या लगेच निघाले. म्हणजे आराम त्यांना मिळाला, आम्हाला नाही. आता वसईच्या बाजूला जायचा प्लॅन आहे. जायची खूप इच्छा आहे पण लोढणं व्हायचं नाहीये.

उत्तर : तुम्ही लोढणं नाही आहात, आणि हे वाक्य मी ठासून लिहितेय कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका असतात. चूक तुमच्या पायांची नाही, ग्रुपच्या पद्धतीची आहे. मित्रांसोबत जाताना वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा धरायचा असतो. ज्याला जोरात मारायची आहे त्याने दुसऱ्या दिवशी एकट्याने जावं, कोणी अडवलेलं नाही.

पद्धत अशी. सगळ्यात पुढे एक जण, त्याला रस्ता माहीत असला पाहिजे आणि त्याला सतत मागे बघायची सवय हवी. सगळ्यात मागे एक जण, सायकलवाले त्याला स्वीप म्हणतात, तो ग्रुपमधला सगळ्यात तगडा आणि सगळ्यात शांत माणूस असावा, त्याच्याकडे पंप आणि पंक्चरचं सामान. स्वीप कोणालाही ओलांडून पुढे जात नाही, काहीही झालं तरी. प्रत्येक वळणावर, फाट्यावर पुढचे थांबतात आणि शेवटचा माणूस आल्यावर लगेच निघत नाहीत, शेवटच्या माणसाचं पाणी पिऊन, श्वास खाली बसून, तो स्वतः ‘चला’ म्हणाला की मग निघायचं. हा एवढा एक नियम पाळला तरी तुमचं निम्मं दुखणं जातं. आपल्याकडचे चांगले ग्रुप याला नो ड्रॉप राइड म्हणतात आणि आधीच तसं जाहीर करतात.

तुम्ही हे निघायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर सरळ लिहा. त्या क्षणी रस्त्यावर बोलायला गेलं की ते भांडणासारखं वाटतं आणि आपण गप्प बसतो. ‘मला मागच्या वेळी विश्रांती मिळाली नाही, या वेळी स्वीप कोण आहे?’ एवढंच. नवऱ्याला सांगा की स्वीप तू हो. तो तुमच्यासोबत मागे राहिला तर त्याचीही सकाळ बरी जाईल, खात्रीने.

वसईची निवड उत्तम आहे. भाईंदर-वसई रो-रो फेरी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, सायकल घेऊन खाडी ओलांडता येते आणि महामार्गावरचा तो घोडबंदरचा जीवघेणा पट्टा टळतो. फेरीच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी चौकशी करा. पलीकडे उतरलात की वसईचा किल्ला जवळच, १७३९ ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, सकाळी त्या तटांच्या सावलीत पहिला थांबा घ्या. मग आतल्या गावांतून केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधून अर्नाळ्याकडे जायचं. रस्ता सपाट आहे, वळणं खूप, त्यामुळे तसंही कोणाला पळता येत नाही.

बाथरूमचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत पण तो असतोच. त्या भीतीने बायका पाणी कमी पितात आणि मग डोकं धरतं, चक्कर येते. थांबे ठरवतानाच पेट्रोल पंप, बरं हॉटेल, एसटी स्टँड धरून ठरवा, आणि गावात एखाद्या घरी बाईमाणसाला विचारलं तर मला तरी कधी नाही म्हणालेलं आठवत नाही. आडोशाला गवतात जायची वेळ आलीच तर आधी काठी आपटा, पाय वाजवत जा. या दिवसांत कापणी चालू असल्याने घोणस आणि फुरसं दोन्ही बांधाच्या गवतात असतात. कोणाला चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, तोंडाने विष ओढणं यातलं काहीही करायचं नाही, हातपाय हलू द्यायचे नाहीत, १०८ ला फोन आणि जवळचं सरकारी रुग्णालय.

प्रश्न : मी दादरला राहतो, वय ६२. शाळेतले आम्ही पाच मित्र, पैकी मला मधुमेह आणि एकाला ब्लडप्रेशर. रो-रोने मांडव्याला जाऊन अलिबागपर्यंत सायकलने जायचं म्हणतोय. घरचे घाबरतात. झेपेल का?

उत्तर : काका, रोज थोडी सायकल चालवत असाल तर हा रस्ता तुमच्यासाठीच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो २०२० पासून चालू आहे, साधारण तासाभराचा प्रवास, सायकल सोबत चढवता येते. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, चोंढीवरून. रविवारी दहानंतर मुंबईच्या गाड्यांची रांग लागते म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी जा, तुम्ही सगळे रिटायर्ड आहात तर त्याचा फायदा घ्या. एका दिवसात जाऊन येऊन करू नका. अलिबागला मुक्काम करा, ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन या, दुसऱ्या दिवशी पहाटे परत.

पण आधी डॉक्टरांना भेटा, दोघांनीही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर व्यायामाच्या दिवशी डोस बदलायचा का हे त्यांनीच सांगायचं, मित्रांनी नाही आणि मीही नाही. निघण्याआधी आणि मध्ये एकदा ग्लुकोमीटरवर साखर बघा. हात थरथरणं, गार घाम, बोलताना गोंधळ असं काही झालं की लगेच उतरा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, तरी खाली असेल तर परत घ्यायचं. ग्लुकोजची पुडी तुमच्या खिशात हवीच पण उरलेल्या चौघांनाही ती कुठल्या खिशात आहे हे माहीत हवं, आणि ही लक्षणं पण. छातीत दुखलं, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ गेली तर त्याला अॅसिडिटी म्हणू नका, तिथेच थांबा आणि १०८.

घरच्यांना माझं हे उत्तर वाचायला द्या. त्यांची भीती बरोबर आहे आणि तुमची हौसही बरोबर आहे, दोन्ही सांभाळून जाता येतं.

प्रश्न : ताई मी एफवायला आहे, घाटकोपर. ग्रुपमध्ये सगळ्यांच्या गिअरच्या सायकली आहेत, माझ्याकडे बाबांची जुनी बिनागिअरची. मित्र म्हणतात भाड्याने घे. घेऊ का?

उत्तर : अरे नको. सपाट रस्त्याला तीस-चाळीस किलोमीटर बाबांच्या सायकलवर मजेत होतील. भाड्याची सायकल त्याच दिवशी पहिल्यांदा हातात येते, सीट अंगाला बसत नाही आणि ब्रेक कसे लागतात ते उतारावर कळतं. त्यापेक्षा त्याच पैशात हिची नीट सर्व्हिसिंग करून घे. ब्रेकचे रबर नवे, चेनला तेल, टायरला चिरा पडल्या असतील तर टायर बदल. हवा टायरच्या कडेवर लिहिलेली असते तेवढी. सीटची उंची बघायची सोपी रीत, पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेव, पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेकांची सीट खाली असते आणि म्हणून गुडघे दुखतात.

एक जास्तीची ट्यूब तुझ्याच मापाची सोबत ने. मित्रांची ट्यूब तुला चालणार नाही, चाकाचा आकार वेगळा असतो आणि व्हॉल्व्हपण. घरी एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघ, बाबांना सोबत घे, त्यांना येत असेल. चढ आला तर उतर आणि ढकलत चाल, त्यात कमीपणा नाही. हेल्मेट मात्र घालायचंच, यावर वाद नको.

प्रश्न : मी मुळात मुरबाड तालुक्यातली, नोकरीसाठी कळव्याला राहते. दर वर्षी कापणीला घरी जाते. गेली काही वर्षं रविवारी सायकलवाल्यांचे घोळके येतात. शेतात उतरून फोटो काढतात, बांध तुडवतात, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या भातावरून सायकली नेतात, एकदा तर खळ्यात सायकली लावून ठेवल्या. माझ्या आईला विचारलंसुद्धा नाही, तिचाच फोटो काढला. तुमच्या वाचकांना हे सांगाल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि मी ते मुद्दाम जसंच्या तसं छापतेय.

वाचकांनो, नीट ऐका. आपण ज्या दिवशी मजा करायला जातो तो त्या घराचा वर्षातला सगळ्यात घाईचा आठवडा असतो. भात पिकून उभं आहे, वर परतीच्या पावसाची टांगती भीती, मजूर मिळत नाहीत, एक सर आली तर कापून पसरलेलं भात भिजतं आणि त्याला कोंब फुटतात. चार महिन्यांचं काम त्या आठ-दहा दिवसांत घरात येतं किंवा जातं. बांध म्हणजे शेतातलं पाणी धरून ठेवणारी मातीची भिंत, वीस जण त्यावर चढून फोटो काढले की ती ढासळते आणि ती परत घालायला माणूस लागतो. खळं शेणाने सारवलेलं असतं, तिथे झोडणी होते, दाणा पडतो, अनेक घरी त्या जागेची पूजा होते. तिथे चपला घालून जायचं नसतं, सायकल लावणं तर दूरच. रस्त्यावर भात किंवा पेंढा पसरलेला दिसला तर उतरा, सायकल हातात धरून बाजूने न्या. भारे डोक्यावर घेऊन बाया येत असतील तर तुम्ही थांबायचं, त्यांनी नाही. डोक्यावर एवढं वजन असताना मागून घंटी वाजवली की मान वळवता येत नाही.

फोटो काढायचा तर आधी विचारा. नको म्हटलं तर नको. काढलात तर पाठवायचा कसा तेही विचारा, घरात कोणाकडे तरी फोन असतो.

आणि एक करा. ज्या गावातून जाताय तिथे पैसे खर्च करा. शहरातून पाकिटबंद खाऊ घेऊन जायचं आणि वेष्टणं तिथे टाकून यायचं हे कोणालाच शोभत नाही. बऱ्याच गावांत आता घरगुती जेवण करून देतात, दोन दिवस आधी फोन करा, माणसं किती ते नक्की सांगा, ठरलेल्या वेळी पोचा आणि दहा सांगून सहा गेलात तर दहाचे पैसे द्या. नव्या तांदळाची भाकरी, झणझणीत कालवण, सोबत उकडलेल्या शेंगा, यासाठी घासाघीस करू नका. परत येताना त्यांचा नवा तांदूळ विकत घ्या. सायकलवर पाच किलो नाही जमणार पण टेम्पो असेल तर जमेल, आणि मुंबईतल्या दुकानातल्या तांदळात आणि त्या तांदळात काय फरक आहे ते पहिल्या वाफेला कळेल.

ज्या ग्रुपचे लीडर हे वाचतायत त्यांनी हा मजकूर निघण्याआधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा अशी माझी विनंती आहे. वीसच्या वर माणसं असतील तर दोन गट करा आणि अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. गावातल्या अरुंद रस्त्यावर वीस सायकली म्हणजे मिरवणूकच, बैलगाडीला जागा राहत नाही.

प्रश्न : कोजागिरीला चांदण्यात सायकल चालवायची खूप दिवसांची इच्छा आहे. आम्ही ठाण्याच्या पाच मैत्रिणी. महामार्गाने शहापूरकडे जावं का?

उत्तर : महामार्गावर रात्री अजिबात नको. चांदणं कितीही असलं तरी ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही, आणि समोरच्या हेडलाइटने तुम्हालाही खड्डा दिसत नाही. इच्छा मात्र मारू नका. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळता मावळताच उगवतो, म्हणजे सहाच्या आसपास. तर असं करा, दुपारी ट्रेनने किंवा गाडीने कर्जत, बदलापूर कुठल्याही बाजूच्या ओळखीच्या घरी, फार्महाऊसवर सायकलींसकट पोचा, चार वाजता निघून गावाच्या आतल्या रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर फिरा, सात-साडेसातला मुक्कामी परत. शेवटचा अर्धा तास तुम्हाला चांदणं मिळेल, शेतांवर पसरलेलं. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा प्रत्येकीच्या सायकलला, अंगात फिक्या रंगाचे कपडे, कुत्री मागे लागली तर पळवू नका, उतरा आणि सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, बहुतेक कुत्री तिथेच थांबतात. मग गच्चीवर आटवलेलं दूध.

प्रश्न : ऑक्टोबरात दुपारनंतर अचानक ढग येतात, विजा चमकतात. शेताच्या मधोमध असलो तर काय करायचं?

उत्तर : परतीच्या पावसात हे होतंच, बहुतेक वेळा दुपारी तीननंतर. सकाळी दहाला संपवा म्हणते त्याचं हेही एक कारण. तरीही सापडलात तर वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत मोजा, तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच आसरा शोधायचा. पक्कं घर, शाळा, देऊळ किंवा बंद गाडी. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली, विजेच्या खांबाजवळ थांबायचं नाही. सायकलचे टायर रबराचे आहेत म्हणून काही होत नाही हा समज चुकीचा आहे, सायकल सोडून लांब जा. आसरा नसेलच तर एकमेकांपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसा, आडवं पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच निघा, आणि निघाल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर ब्रेक हलके दाबत चला म्हणजे रिमवरचं पाणी निघून जाईल.